बोलावे कोणापाशी?

विद्यार्थ्यांनी आपले मानसिक क्लेश मोकळेपणाने सांगावेत, असा उपदेश अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. परंतु सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, याचा विचार उपदेशकांपेक्षा विद्यार्थ्यांनीच अधिक केलेला असतो. दापोली तालुक्यातील केळशीसारख्या गावाकडे पाहिले, म्हणजे त्यांच्या मौनामागील हिशेब ध्यानी येतो.

भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या अशा गावात शिक्षक, डॉक्टर, दुकानदार हे सारेच मुलाच्या घरच्यांना ओळखतात. सकाळी शाळेत उच्चारलेला शब्द संध्याकाळी ओटीवर पोहोचतो. ज्या ओळखीमुळे अडल्यानडल्याला शेजारपाजार धावून येतो, तीच ओळख येथे आड येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, तेव्हा पडलेल्या झाडांचे पंचनामे झाले. टाळेबंदीत आधीच घरी कोंडलेल्या मुलांच्या मनावर काय कोसळले, याचा पंचनामा करण्याची रीत मात्र नाही.

कोकणी माणूस दुःख बोलून दाखवत नाही, असे नव्हे. देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची प्रथा येथे जुनी आहे. परंतु ते गाऱ्हाणे घराचे वा गावाचे असते आणि घालणारा वडीलधारा असतो. सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मनाचे गाऱ्हाणे मांडण्यास जागा नाही. शब्दही अपुरे. ‘टेन्शन’ म्हटले तर कोणी मनावर घेत नाही आणि त्यापुढचा शब्द थेट ‘वेड’. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासून रुग्णांची सेवा करीत आले. पण येरवडा आणि ठाणे यांप्रमाणे त्याचेही नाव लोकांच्या तोंडी थट्टेचा विषय झाले. उपचाराचे स्थानच जेथे शिवीसारखे वापरले जाते, तेथे उपचार मागण्यास कोण धजावेल?

यात भर परीक्षेची. दहावीच्या निकालात कोकण विभाग सातत्याने राज्यात अग्रेसर असतो. हे भूषण निःसंशय. परंतु जेथे बहुतेक सारे उत्तीर्ण होतात, तेथे मागे राहणारा अधिकच एकाकी पडतो. चाकरमानी बापाने मुंबईत राहून पाठवलेल्या पैशांचे ओझेही त्याच्या मनावर असतेच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत अधिक होता. एका आत्महत्येमागे एकच कारण क्वचित असते, हे खरे. तरीही वेळीच ऐकणारा कोणी भेटणे हा मोठा आधार असतो.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क मान्य केला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असेही म्हटले. कोकणातील पट घटलेल्या अनेक शाळा या दुसऱ्या वर्गात मोडतात. तेथे हा संबंध कागदावरच राहण्याचे भय आहे. तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी गावात यावा, त्याने सर्वच मुलांशी आळीपाळीने बोलावे. म्हणजे त्याच्या खोलीत कोण गेला, याची चर्चा उरणार नाही. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे, परंतु घरात एकच फोन आणि भोवती सारे कुटुंब असेल, तर तीही दूरच राहते. शाळेने त्यासाठी एक बंद दार आणि अर्धा तास द्यावा.

शिक्षकाने मानसतज्ज्ञ होण्याची गरज नाही. ‘करमत नाही’, ‘धास्ती वाटते’ हे मराठी शब्द कोणालाही लाज न वाटता उच्चारता येतात. संभाषणाचा आरंभ तेथून व्हावा. जिवाला धोका दिसल्यास घरी कळवावेच लागेल, अन्यथा शब्द बाहेर जाणार नाही, हे मुलाला आधीच स्पष्ट सांगावे आणि ते वचन पाळावे. मुलांना धैर्याचे धडे देणे सोपे आहे. ऐकलेले पोटात ठेवण्याचा धडा मोठ्यांनी गिरवणे अवघड. पण मुलांचे मौन सुटायचे असेल, तर आरंभ तेथूनच झाला पाहिजे.