ऑर्डर, विक्री आणि रोकड : छोट्या व्यवसायातील काही गैरसमज

एकल मालकीच्या व्यवसायाला, म्हणजे कंपनी किंवा भागीदारी न करता एकाच व्यक्तीने चालवलेल्या धंद्याला, मालकाहून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. त्यामुळे घरचा आणि धंद्याचा पैसा सहज एकमेकांत मिसळतो आणि हिशेबाविषयीचे अनेक गैरसमज तेथूनच रुजतात. त्यांपैकी सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ऑर्डर मिळाली की कमाई झाली, हा होय.

वस्तू विक्री कायदा, 1930 ‘विक्री’ आणि ‘विक्रीचा करार’ यांत भेद करतो. मालाची मालकी ग्राहकाकडे गेली की ती विक्री ठरते. ती पुढे कधीतरी जायची असेल, तर तोवर केवळ करार असतो. दिवाळीच्या फराळाची एक लाख रुपयांची ऑर्डर आली आणि तीस हजार आगाऊ मिळाले, असे धरले तर फराळ पोचता होईपर्यंत ते तीस हजार उत्पन्न नसून देणे असते, कारण माल दिला नाही तर ते परत करावे लागतात. डाळ, तूप, सुकामेवा आणि मजुरी यांवर साठ हजार आधीच खर्च होतात, उरलेले सत्तर हजार मात्र माल दिल्यानंतर महिना-दीड महिन्याने हाती येतात. वहीत चाळीस हजारांचा नफा दिसत असतानाच गल्ल्यात तीस हजारांची तूट असते. ही तूट भरून काढणाऱ्या पैशाला खेळते भांडवल म्हणतात. अशा दहा ऑर्डरी एकाच वेळी आल्या तर तूट तीन लाखांची होते. भरपूर ऑर्डरी असलेला धंदाही रोकडीअभावी अडतो तो यामुळेच, आणि ही तूट कोणी न ठरवता घरच्या बचतीतून भरली जाणे ही खरी काळजीची बाब आहे. ऑर्डर स्वीकारतानाच आगाऊ रक्कम निदान कच्च्या मालाच्या खर्चाइतकी मागणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. वस्तू व सेवा कराचाही त्यात अडसर नाही: वस्तूंसाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर ती घेतानाच कर भरण्याचे बंधन नोव्हेंबर 2017 पासून उरलेले नाही, सेवेसाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर मात्र ते आहे.

उधारी ग्राहकाच्या सोयीनेच वसूल होते, हाही समज पूर्णपणे खरा नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 नुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे अथवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसल्यास 15 दिवसांत चुकते करावे लागतात; विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते.

घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेली रक्कम हा धंद्याचा खर्च मानला जातो, तेही चूक आहे. हिशेबाच्या भाषेत ती ‘उचल’, म्हणजे मालकाने स्वतःचे भांडवल काढून घेणे असते. ती नफ्यातून वजा होत नाही आणि तिच्यावर प्राप्तिकराची सवलतही मिळत नाही. दरमहा एक ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळती करून रोजमेळात, म्हणजे दररोजच्या जमा-खर्चाच्या वहीत, तिची नोंद केली की धंदा घराला खरोखर किती देऊ शकतो हे कळते.

घरात रोकड बाळगण्यावर कायद्याने मर्यादा घातली आहे असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात तशी मर्यादा नाही. विचारणा झाल्यास पैशाचा स्रोत दाखवता आला पाहिजे, एवढेच. बंधन आहे ते स्वीकारण्यावर: एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी हप्त्याहप्त्याने का होईना, दोन लाख किंवा त्याहून अधिक रुपये रोखीने घेता येत नाहीत, आणि घेतल्यास घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

एकाच बँकेत दोन खाती उघडली की ठेव विम्याचे संरक्षणही दुप्पट होते, असे मानून अनेक जण निश्चिंत राहतात. फेब्रुवारी 2020 पासून विम्याची मर्यादा, मुद्दल व व्याज धरून, प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत पाच लाख रुपये आहे आणि एकल मालकाचे बचत खाते व धंद्याचे खाते मिळून एकाच ठेवीदाराचे धरले जातात. भागीदारी संस्थेची ठेव मात्र वेगळी मोजली जाते. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला प्रत्येक खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येत होते. घरखर्च आणि मालाची खरेदी या दोन्हींचा पैसा तेथेच ठेवलेल्या दुकानदारांचे दोन्ही मार्ग एकदम बंद झाले. सहकारी बँकांना निदान हा विमा तरी आहे. महाराष्ट्रात गावोगावी असलेल्या पतसंस्था बँका नसल्याने त्यांतील ठेवींना तोही लागू होत नाही.