पावसाळ्यात सायकलला मडगार्ड हवाच

रेनकोट वरून पडणारं पाणी अडवतो. पण चाक रस्त्यावरचं पाणी उचलून फेकतं, त्याचं काय? मागच्या चाकाचा फवारा पाठीवर चिखलाची उभी रेघ ओढतो, पुढच्याचा बुटांवर आणि चेनवर येतो. पाऊस थांबला तरी रस्ता ओला असेपर्यंत हे चालूच राहतं.

जुन्या काळ्या सायकलींना पत्र्याचे पूर्ण लांबीचे मडगार्ड असतच. आता गिअरच्या बऱ्याच सायकली मडगार्डशिवायच विकल्या जातात. सीटखाली अडकवायची प्लास्टिकची आखूड पट्टी मिळते, पण ती फार तर पाठ वाचवते. रोज ऑफिसला सायकलने जात असाल तर पूर्ण लांबीचेच बसवून घ्या.

खरी मेख पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाशी आहे. ते उंचावरच संपलं, तर बूट भिजणारच. तिथे रबरी फ्लॅप लावून तो जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत खाली आणावा. जुन्या ट्यूबचा तुकडा दोन बारीक नट-बोल्टांनी बसवला तरी काम होतं. पाय कोरडे राहतात आणि चेनवर वाळू कमी बसल्याने तीही जास्त टिकते. मागचा फ्लॅप मात्र मागून येणाऱ्या सायकलवाल्यासाठी, तोही लावाच.

मडगार्ड टायरपेक्षा थोडा रुंद हवा. दोघांत बोटभर अंतर ठेवावं, नाहीतर कच्च्या रस्त्यावर चिखल अडकून चाक जाम होतं. बसवल्यावर हँडल पूर्ण वळवून बघा, बुटाचं टोक मडगार्डला घासत नाही ना. खडखड सुरू झाली, तर आधी आधाराच्या काड्यांचे स्क्रू आवळा.