आडवं बोअर आणि पाण्याचा दाब! दगडात अडकलेलं तेल अमेरिकेनं असं काढलं बाहेर

विहिरीला पाणी कमी पडलं की शेतकरी आतून आडवे बोअर मारतात. हातपंपाचा बोअर आटला की त्यात दाबाने पाणी सोडून दगडातल्या फटी मोकळ्या करतात, त्याला जलभंजन म्हणतात. खनिज तेल काढायलाही याच दोन युक्त्या वापरतात. फरक इतकाच, की तिथं काम चालतं दोन-तीन किलोमीटर खोल आणि दाब असतो कितीतरी पट जास्त.

तेल अडकतं कुठं?

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. स्पंज पाणी धरून ठेवतो तसं तेल दगडाच्या बारीक छिद्रांत असतं. छिद्रं एकमेकांना जोडलेली असतील तर ते बोअरकडे वाहत येतं. पण काही दगड इतके घट्ट असतात, की तेल असूनही जागचं हलत नाही. अशा दगडात उभं बोअर मारलं तर थर फक्त काही मीटर लागतो, आणि तेवढ्यातून खर्चही निघत नाही.

मग करतात काय?

आधी सरळ खाली बोअर घेतात. तेलाचा थर जवळ आला की पाइप हळूहळू वळवत आडवा करतात. पोलादी पाइप शेकडो मीटर लांबीत सावकाश वाकतो. टोकाला असलेली मोटार पाइपातून सोडलेल्या चिखलासारख्या द्रावाच्या दाबावर फिरते आणि मागची उपकरणं दिशा कळवत राहतात. असं थरातल्या थरात तीन-तीन किलोमीटर आडवं जाता येतं.

नंतर पोलादी केसिंग टाकून सिमेंट भरतात. छोट्या स्फोटकांनी केसिंगला भोकं पाडतात आणि पाणी, वाळू व थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत सोडतात. त्यानं दगड तडकतो. वाळूचे कण भेगांत अडकून त्या पुन्हा मिटू देत नाहीत. हे काम टप्प्याटप्प्याने करतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात.

फरक किती पडला?

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात बाकेन नावाचा असा घट्ट थर आहे. २००६ च्या सुमारास या राज्यातून रोज जेमतेम १ लाख बॅरल तेल निघायचं. २०१४ मध्ये हा आकडा १० लाखांवर गेला. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. याच तंत्राच्या जोरावर २०१८ मध्ये अमेरिका जगातला सर्वात मोठा तेल उत्पादक देश झाला.

दुसरी बाजूही आहे

एका बोअरला कोट्यवधी लिटर पाणी लागतं. पहिल्याच वर्षात उत्पादन निम्म्याहून खाली येतं, म्हणून सतत नवे बोअर मारावे लागतात. इतकं करूनही बहुतेक ठिकाणी दगडातल्या १०० लिटरपैकी १० लिटरही हाती लागत नाही. तेलासोबत वर येणारं खारट पाणी पुन्हा खोल जमिनीत सोडतात. ओक्लाहोमा राज्यात त्यामुळे भूकंप वाढले, २०१६ मध्ये तर ५.८ तीव्रतेचा धक्का बसला.

आपला काय संबंध?

भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. २०१४ नंतर जगात तेल स्वस्त झालं, त्यामागे अमेरिकेचं वाढलेलं उत्पादन हे एक मोठं कारण होतं. मात्र त्याच काळात केंद्राने उत्पादन शुल्क वाढवल्यामुळे ट्रॅक्टरच्या डिझेलला पूर्ण फायदा मिळाला नाही.

आपल्याकडेही राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात घट्ट खडकातून फ्रॅकिंग करून नैसर्गिक वायू काढतात. पण जिथं उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो, तिथं अशा कामाला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.