चलथाणला प्लॉट घेताय? आधी कर्जाबद्दलचे हे गैरसमज काढून टाका

सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं चलथाण साखर कारखान्यामुळे ओळखलं जायचं. आता शेजारी कडोदरा–पलसाण्याच्या कापड गिरण्या आहेत आणि बुलेट ट्रेनचं सुरत स्थानकही जवळच अंत्रोलीला होतंय. त्यामुळे उधना, लिंबायत, डिंडोलीत राहणारी आपली खानदेशी कुटुंबंही इकडे गुंतवणूक म्हणून प्लॉट बघू लागली आहेत. पैसा कष्टाचा आहे, म्हणून हे स्पष्टच सांगायला हवं.

‘आधी डायरीवर हप्ते भरू, मग बँक कर्ज देईलच.’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. बिल्डरच्या डायरीत हप्त्यांच्या नोंदी आणि सह्या असतात. त्यावर बँक एक रुपयाही देत नाही. तिला बिनखेतीचा हुकूम, मंजूर ले-आउट, सातबारा आणि नोंदणीकृत कागद लागतात. शेतजमीन असेल तर गुजरातच्या कुळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेताच येत नाही. रेराचा 2016 चा कायदा प्लॉटच्या योजनांनाही लागू आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हे बिल्डरला ठणकावून सांगा. बँकेचा वकील कागद बघतो तो बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून. आपला वकील वेगळा लावा. ती फी वाया जात नाही.

‘90 टक्के कर्ज मिळतं, खिशातून फक्त 10 टक्के जातात.’ रिझर्व्ह बँकेची 90 टक्क्यांची मर्यादा 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला आहे, आणि ती कमाल मर्यादा आहे. नुसत्या प्लॉटवर बँका सहसा त्याहून कमीच देतात. 20 लाखांच्या घराला 18 लाख मिळाले, तरी 2 लाख आपले. वर 4.9 टक्के मुद्रांक शुल्काचे 98,000 आणि 1 टक्का नोंदणी फीचे 20,000. म्हणजे 3 लाख 18 हजार हातात हवेत. खरेदी फक्त बाईच्या नावावर केली, तर गुजरातमध्ये नोंदणी फी माफ आहे. दस्तऐवजात किंमत कमी दाखवून बाकीचे रोख द्यायचे ठरवलंत, तर कर्जही त्या कमी किमतीवरच बसतं. शिवाय जमीन-घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

‘फ्लॅट दराने 7 टक्के व्याज म्हणजे बँकेच्या 9 टक्क्यांपेक्षा स्वस्त.’ हिशेब करून बघा. 10 लाख, 10 वर्षं, फ्लॅट 7 टक्के: व्याज 7 लाख, हप्ता सुमारे 14,167. मुद्दल दरमहा फिटत असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 10 लाखांवरच लागतं. घटत्या शिलकीवर हाच दर सुमारे 11.7 टक्के पडतो. दर विचारताना ‘रिड्युसिंग की फ्लॅट’ हे आधी विचारा.

‘हप्ता तोच आहे, म्हणजे व्याज वाढलं नाही.’ बँका बहुधा हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवतात. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा 2023 पासून कर्जदाराला आहे. बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. बोनस आला की मुद्दलात भरा.

करसवलतीचं थोडक्यात: मोकळ्या प्लॉटच्या कर्जावर व्याजाची वजावट मिळत नाही, त्यावर घर बांधून पूर्ण झाल्यावरच मिळू शकते. आणि ‘गावचं घर कोण मोजतंय’ म्हणून पंतप्रधान आवास योजनेच्या व्याज अनुदानावर विसंबू नका. देशात कुठेही, अगदी धुळे-नंदुरबारच्या गावीही, कुटुंबाच्या नावावर पक्कं घर असेल तर ते मिळत नाही. हप्त्याचा हिशेब ते अनुदान सोडूनच मांडा.