पदवीला कमी गुण, तरीही वित्तक्षेत्राची दारे पूर्णतः बंद नाहीत

पदवी परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झालेल्या आणि कामाचा अनुभव गाठीशी नसलेल्या तरुणांना बँका, विमा वा भांडवली बाजारात स्थान नाही, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती संमिश्र आहे. काही ठिकाणी गुणांची अट खरोखरच कठोर असून काही ठिकाणी ती मुळीच नाही. हा फरक ठाऊक नसल्याने पात्र उमेदवारही अर्ज करण्याचे टाळतात.

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या सर्वसाधारण संवर्गातील 'ब' श्रेणी अधिकारीपदासाठी खुल्या प्रवर्गातील उमेदवारास पदवीला किमान ६० टक्के किंवा पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आवश्यक असतात. सहायक पदासाठी पदवीची मर्यादा ५० टक्के आहे. सनदी लेखापाल अभ्यासक्रमात थेट मध्यम स्तरावर प्रवेश घेण्यासाठी वाणिज्य पदवीधरांना ५५, तर इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्क्यांची अट आहे. तथापि, यापेक्षा कमी गुण असलेल्या पदवीधरास बारावीच्या आधारे प्रवेशिका स्तरापासून, म्हणजेच फाउंडेशन परीक्षेपासून, सुरुवात करता येते. यात काही काळ अधिक जातो, परंतु मार्ग खुंटत नाही. २०२३ मध्ये लागू झालेल्या योजनेनुसार दोन वर्षांचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, अर्थात आर्टिकलशिप, बंधनकारक आहे. अनुभव नसलेल्यांना अनुभव मिळवून देणारी ही व्यवस्था आहे व त्यासाठी विद्यावेतनही मिळते.

राष्ट्रीयीकृत बँकांचे चित्र वेगळे आहे. २०११ पासून बँकिंग कार्मिक निवड संस्था, अर्थात आयबीपीएस, या बँकांसाठी सामाईक परीक्षा घेते. लिपिकवर्गीय व परिविक्षाधीन अधिकारी या दोन्ही पदांसाठी कोणत्याही शाखेची पदवी पुरेशी असून टक्केवारीची किमान अट नाही. लिपिकवर्गाची अंतिम निवड मुख्य परीक्षेतील गुणांवरून, तर अधिकाऱ्यांची मुख्य परीक्षा व मुलाखत यांच्या एकत्रित गुणांवरून होते. महाविद्यालयातील गुण त्यात धरले जात नाहीत. वय मात्र धरले जाते. सवलत नसलेल्या उमेदवारांसाठी लिपिकपदाची मर्यादा २८ व अधिकारीपदाची ३० वर्षे आहे. म्हणूनच गुण सुधारण्यासाठी पुन्हा दोन-तीन वर्षे घालवणे बहुधा तोट्याचे ठरते.

लिपिकपदासाठी ज्या राज्यातून अर्ज केला, तेथील भाषेचे ज्ञान अपेक्षित असते. बडोदा वा इंदूरसारख्या शहरांत वाढलेल्या मराठी भाषकांनी राज्य निवडताना हे ध्यानी घ्यावे. अर्ज एकाच राज्यासाठी करता येतो.

गुणांपेक्षाही दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे कर्जाची परतफेड. क्रेडिट कार्ड वा कर्जाचे हप्ते थकविल्याची नोंद असलेल्या उमेदवारास स्टेट बँक अपात्र ठरवू शकते. अशा एका प्रकरणात बँकेने नियुक्ती रद्द केल्याचा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये उचलून धरला. नोकरीच्या शोधात असताना मोबाईलवरून घेतलेले छोटे कर्जही यामुळे महागात पडू शकते.

भांडवली बाजारात प्रवेशासाठी सेबीने स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या, अर्थात एनआयएसएमच्या, प्रमाणपत्र परीक्षा उपयुक्त ठरतात. म्युच्युअल फंड वितरकांच्या परीक्षेत १०० गुणांपैकी ५० मिळाल्यास उमेदवार उत्तीर्ण होतो व प्रमाणपत्र तीन वर्षे वैध असते. ते मिळाले म्हणजे नोकरी मिळाली, असे मात्र नव्हे. दलाली पेढ्या, विमा कंपन्या व वितरक संस्थांतील प्रारंभीची बरीच कामे विक्रीची असतात. निश्चित वेतन किती व मोबदला विक्रीवर किती अवलंबून, हे नियुक्तिपत्रात तपासून पाहावे. नोकरीच्या मोबदल्यात अनामत रक्कम वा 'प्रशिक्षण शुल्क' मागणाऱ्यांपासून दूर राहणेच श्रेयस्कर.

पतसंस्थेत वा कर सल्लागाराच्या कार्यालयात सहा महिने हिशेब लिहिल्याचे काम अर्जात क्षुल्लक समजून वगळू नये. मुलाखतीत कमी गुणांविषयी विचारणा होतेच. त्यावर थोडक्यात खरे कारण सांगून अशा प्रत्यक्ष कामाकडे वळणे इष्ट ठरते.

अर्जात टक्केवारी भरताना ती वाढवून लिहिण्याचा मोह धोकादायक आहे. कागदपत्रांच्या पडताळणीत तफावत आढळल्यास उमेदवारी रद्द होते. ५९.९९ टक्के हे ६० टक्क्यांपेक्षा कमीच धरले जातील, असे बँकांच्या परीक्षांच्या जाहिरातींत स्पष्ट नमूद असते.