वारा सुटतो, पाती थांबतात

ईशान्य चीनमधल्या जिलिन प्रांतात हिवाळ्याच्या रात्री वारा जोराचा असतो आणि नेमक्या तेव्हाच पवनचक्क्या थांबवाव्या लागत. २०१६ साली तिथल्या वाऱ्यापासून मिळू शकणारी सुमारे ३० टक्के वीज अशी सोडून द्यावी लागली.

जिलिन, ल्याओनिंग आणि हेलोंगज्यांग हे ईशान्येचे प्रांत म्हणजे एकेकाळचे पोलाद आणि अवजड यंत्रांचे माहेरघर. १९९०च्या दशकात सरकारी कारखाने बंद पडत गेले, ल्याओनिंगमधल्या शेन्यांग शहराच्या तिएशी भागातले कामगार घरी बसले. पुढे विजेची मागणी रेंगाळली, पवनचक्क्या मात्र भराभर उभ्या राहिल्या.

पण मूळ दुखणे थंडीचे आहे. वर्षातले पाच-सहा महिने शहरभर नळांतून गरम पाणी फिरवून घरे उबदार ठेवतात. ही उष्णता मुख्यतः कोळशाच्या वीजकेंद्रांतून येते. आपले साखर कारखाने बगॅस जाळून वाफ आणि वीज एकत्र काढतात, तसाच हा प्रकार. उष्णता हवी तर टर्बाइन फिरवायचे आणि ते फिरले की वीज होणारच. रात्री गारठा वाढतो, लोक झोपतात, विजेची गरज घटते; केंद्र मात्र थांबवता येत नाही. मग ग्रिडमध्ये वाऱ्याच्या विजेला जागा कुठून उरणार?

गरम पाण्याची प्रचंड टाकी हा त्यावरचा साधा उपाय. दिवसा ती भरायची, रात्री केंद्राचा भार उतरवून तिच्यातली उष्णता शहराला द्यायची. काही ठिकाणी विजेचे बॉयलर बसवले. वाया जाणाऱ्या वाऱ्याच्या विजेवर ते चालले तर उत्तमच. पण कोळसा जाळून वीज करायची आणि तिनेच पुन्हा पाणी तापवायचे, हा हिशेब मला पटत नाही.

यंत्रांपेक्षा मोलाचा ठरला तो पैशाचा नियम. वीज विकूनच कमाई होणार असेल, तर कोणते केंद्र आपणहून उत्पादन घटवेल? २०१४पासून इथे भार साधारण निम्म्याखाली आणणाऱ्या केंद्राला मोबदला मिळू लागला. तो भरतात भार न उतरवणारी केंद्रे आणि पवनचक्क्यांचे मालक. २०१७च्या अखेरीस शानडोंगकडे वीज नेणारी ८०० किलोव्होल्टची वाहिनीही सुरू झाली. २०१८मध्ये जिलिनमधली नासाडी सात टक्क्यांच्या आत आली.

आता जिलिनमधल्याच दाआन इथे वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेने हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया करणारा प्रकल्प उभा राहिला आहे. कारखाने गमावलेल्या या मुलखाला वाहिनीपेक्षा असा उद्योग अधिक हवा, कारण वीज तिथेच खपते आणि रोजगारही तिथेच राहतो.