न्यूमोनियानंतर घरी आल्यावर: १५ दिवसांचा लाभ आणि ताकद भरून काढणे

रुग्णालयातून सुटी मिळाली म्हणजे योजनेचा लाभ संपला, असे अनेकांना वाटते. तसे नाही. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असल्यास, सुटीनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्या त्यातच येतात. निघण्यापूर्वी औषधे मागून घ्या आणि फेरतपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. यासाठी पैसे मागितल्यास १४५५५ या क्रमांकावर तक्रार करा.

अशक्तपणा का राहतो?
अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू काही दिवसांतच रोडावतात. फुप्फुसे पूर्ववत व्हायलाही वेळ लागतो. थकवा काही आठवडे, कधी काही महिनेही राहू शकतो.

काय करावे?
• घरातच थोडे थोडे चाला, रोज थोडे वाढवा. चालताना एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर थांबा.
• आधार धरून खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव करा. अंघोळ बसून करा.
• डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे थोडे थोडे, पण अनेकदा खा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.
• विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर टाळा.
• मजुरी बुडते म्हणून जड काम लगेच सुरू करू नका. फेरतपासणीत विचारून ठरवा.

केव्हा थांबू नये?
बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळसर होणे, छातीत दुखणे किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागणे: लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करा. ताप पुन्हा आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास सरकारी आरोग्य केंद्रात क्षयरोगाची मोफत तपासणी करून घ्या.